शेती-दुकान सांभाळून फोर बाय फोरसाठी वेळ कुठून काढता?

काळीमाती_दारव्हा:
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ कोरडवाहू शेती आहे आणि गावात कृषी केंद्र. मागच्या दिवाळीत जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) जिप्सी घेतली, रस्ता सोडून माती-उतारावर चालवायला. निव्वळ हौस, कामाला पिकअप आहेच. पण गाडी शेडमध्ये उभी. पेरणीपासून काउंटर सोडता येत नाही, मग फवारणी, मग सोयाबीनची सोंगणी, मग वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून धावपळ. नागपूरची पोरं रविवारी बोलावतात. जाण्यायेण्यातच दिवस सरतो आणि सोमवारी मी दुकानात पेंगतो. आई म्हणते, "त्या गाडीले पूजेले आणलं का?" आपल्याकडे सुट्टी नावाचा प्रकारच नाही. तुम्ही लोक कसं जमवता?

पांदणवाला_आर्णी:
भाऊ, रविवार डोक्यातून काढ. रविवार नोकरीवाल्यायचा. आपला हिशेब वापश्यावर, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी सुकण्यावर.

जोराचा पाऊस झाला की वापसा येईपर्यंत वावरात डवरा चालत नाही, फवारणीही नाही. गिऱ्हाईकही घरीच बसते. तोच आपला वेळ. पण त्या दिवशी पांदणीत, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत, गाडी घालू नको. ओल्या पांदणीत चाकोऱ्या पडल्या की त्या सुकून दगड होतात आणि मग लोकायच्या बैलगाड्या त्यात आदळतात. गावात शिव्या खाशील, आणि त्या बरोबरच असतीन. पावसाच्या दिवशी बरडावर जा, मुरमाड उताराची जागा पाहा. पाणी निथरते, चाक धरते. उतरताना फोर-लो (चारही चाकं, कमी वेग-जास्त ताकद), पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढून घे, इंजिनच गाडी धरून ठेवते. एवढंच घोटत राय. डांबरीवर चढलास की टू-व्हीलवर ये, नाहीतर वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकायले ओढतात आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकायले ताकद वाटणाऱ्या पेटीचा) जीव जाते.

भारी काळ्या जमिनीचा मोह मले समजते, पण ती वेगळीच चीज हाय. पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यातच भरतात आणि टायर पोळपाटावानी गुळगुळीत होते. मग माती मडगार्डात ठासून बसते आणि चाकच फिरत नाही. फोर बाय फोर असो की त्याचा बाप असो. एक्सलेटर दाबला की खड्डा खोल, बस. वरून वाळलेली, आतून ओलसर, अशी जमीन मिळाली तर मजा हाय, पण ती आपल्याच धुऱ्याच्या आत.

खरा सीझन फागुन ते वैशाख. पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झालेली, तूर कापलेली, वावरं मोकळी. पहाटे निघायचं, दुकान उघडायच्या आत घरी. मे महिन्यात दहाच्या पुढे स्टेअरिंगले हात लावता येत नाही. पण एक गोष्ट नीट आयक: तुरीचं वावर टाळजो. कोयत्यानं तिरपी कापलेली खुंटं वाळली की खिळ्यापेक्षा वाईट. आपण पकड मिळावी म्हणून हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, टायर बाजूनं फुगते आणि खुंट नेमकं बाजूच्या भिंतीत घुसते. तिथलं पंक्चर निघत नाही, टायरच बदलावं लागते. आणि उन्हाळ्यातल्या भेगाही पायदळ फिरून पाहून घेजो.

कारंज्याची_ताई:
दादा, वेळ वावरात नाही, घरात अडतो. आमच्याकडे "आलोच अर्ध्या तासात" म्हणून आमचे हे थार घेऊन बाहेर पडायचे आणि इकडे मोटर चालू करायला माणूस नाही. आता ठरलं आहे: ज्या आठवड्यात पंपाची लाईट रात्रीच्या पाळीची, त्या आठवड्यात गाडी नाही. रात्रभर ओलित करून पहाटे उतारावर गाडी घालणारा माणूस मला नको. दिवसाची पाळी असली की सकाळ त्यांची. त्यातल्या काही सकाळी मी चालवते, हे ते इथं लिहिणार नाहीत. डिझेलही दुकानाच्या गल्ल्यातून नाही, शेळ्या विकलेल्या पैशातून. आईंना एकदा शेजारी बसवून न्या, पूजेचा विषय आपोआप संपेल.

सातपुडा_परतवाडा:
वरचं सगळं पटलं. फक्त वेळ नाही म्हणून जवळचं जंगल गाठू नका. टिपेश्वर अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात, म्हणून सांगतो. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी मेळघाटात "सहज आत" शिरतो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं हे जंगल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गाडी जप्त होऊ शकते आणि मग कोर्टाच्या तारखा. शेतीतून तारखेला वेळ काढणं हौसेपेक्षा अवघड. रात्री नदीपात्रातही नको, रेती चोरणारे समजून तपासणी पथक थांबवतं आणि जिप्सीचं कौतुक त्यांना नसतं.

काळीमाती_दारव्हा:
ताई, आईला बसवतो. रात्रीच्या पाळीचा विचार मी केलाच नव्हता, आमची या आठवड्यात तीच आहे. पांदणवाले भाऊ, माझं थोडं बरड आहे, तिथंच सुरू करतो. फसली तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे, साखळीनं ओढून घेऊ ना?

पांदणवाला_आर्णी:
साखळी नको बाप्पा! साखळी ताणत नाही, सगळा झटका चेसिसले बसते, आणि तुटली तर माणसाच्या अंगावर येते. जाड नायलॉनचा दोर घे, आठ-नऊ मीटरचा. बंपरले बांधू नको, चेसिसच्या हुकले बांध. दोराच्या मधोमध ओली गोणी टाक, तुटला तर दोर खाली पडते, उसळत नाही. ट्रॅक्टरवाल्याले सांग, क्लच हळू सोड. आणि ओढताना पोरं-सोरं दूर, दोराच्या दुप्पट अंतरावर. बरडावरचे दोन फोटो टाकजो, उतार पाहून सांगतो कुठून उतरायचं.