मोटरहोमची एक्स्टेंडेड वॉरंटी: शनिवारपर्यंत सांगायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही इथे अमेरिकेत ६ वर्षं जुनी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर घर बांधलेली) मोटरहोम घेतोय. फोर्डची चेसिस, पेट्रोल इंजिन, एक स्लाइडआउट, म्हणजे उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग. विक्रेता ५ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतोय, ६,५०० डॉलर. म्हणे १५ वर्षांच्या कर्जातच घालून देतो, हप्त्यात कळणारही नाही. आमचे हे म्हणतात घेऊन टाकू. माझा हात अडलाय. नाशिकला परतलेले काका अजून आपल्या मेलिंग लिस्टवर आहेत ना? त्यांनी ९ वर्षं गाडी ठेवली होती.

निफाडची लेक

————

ताई, वॉरंटी बिनधास्त घेऊन टाका. आमच्या डिझेल पुशरच्या (मागे डिझेल इंजिन असलेली मोठी मोटरहोम) लेव्हलिंग जॅकचा, म्हणजे उभी गाडी समतल करणाऱ्या पायांचा, हायड्रॉलिक पंप गेला, पाठोपाठ रूफ एसी. दोन बिलांत निम्म्याहून जास्त पैसे वसूल. रात्री झोप लागते हो.

————

अगं, आहे की मी! गंगापूर रोडला गॅलरीत चहा घेत लिहितोय.

मुळात ही वॉरंटीच नव्हे. वॉरंटी गाडीबरोबर येते. वेगळे पैसे मोजून घेतो तो सर्व्हिस काँट्रॅक्ट. तिथल्या १९७५च्या कायद्यातच हा फरक केलेला आहे. फोर्डची ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची आणि इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची, दोन्ही तुझ्या गाडीच्या कधीच संपल्या. घराच्या भागाची तर बहुतेक वेळा वर्षभरच असते, आणि कुरकुरतो नेमका तोच भाग: फ्रीज, पंप, गीझर, स्लाइडआउट.

तू बागायतदाराच्या घरातली, म्हणून तुला पटकन कळेल. द्राक्षाच्या हवामान आधारित विम्यात घड किती तडकले हे कोण बघतं? हवामान केंद्राची नोंद बघतात. पाऊस आपल्या बागेत, नोंद भलतीकडे. इथेही काय मोडलं यापेक्षा कशाने मोडलं, हे आधी बघतात.

माझ्या जनरेटरचं ऐक. हिवाळाभर गाडी उभी, टाकीत तेच पेट्रोल. एप्रिलमध्ये स्टार्टर दाबला तर दोन उचक्या देऊन गप्प. आता, उघडायच्या आधी कंपनीला फोन करून परवानगी घ्यायची, आणि उघडल्यावर कारण कराराबाहेरचं निघालं तर उघडण्याची मजुरी आपण भरायची, अशी अट. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर उघडून माझ्या हातात दिला. आत काकवीसारखा चिकट थर, जेट पार बुजलेलं. शिळं इंधन म्हणजे मालकाची हयगय, क्लेम नामंजूर. ३ तासांची मजुरी माझ्या खिशातून गेली. त्यानंतर मी दर महिन्याला एसीचा लोड देऊन २ तास जनरेटर चालवायला लागलो. पुन्हा कधी रुसला नाही.

पुढच्याच वर्षी स्लाइडआउटची मोटर जळाली, ती मात्र त्यांनी १०० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आपण भरायचा वाटा, कापून मुकाट बदलून दिली. तेव्हा सगळे लुटारू असं मी म्हणणार नाही. आणि दादांचंही त्यांच्या जागी बरोबर आहे, डिझेल पुशरची बिलं वेगळ्या वजनाची असतात.

पण छताचं काय? कडेचं सीलंट फाटून पाणी प्लायवूडमध्ये मुरलं की मोठा खड्डा पडतो, आणि ते बहुतेक काँट्रॅक्टमध्ये नसतंच. शिडी लावून वर चढा, व्हेंटभोवतीचं सीलंट नखाने दाबून बघा. आत वरच्या कपाटांच्या कोपऱ्यात नाक घाल. कुबट वास आला तर वॉरंटी राहू दे, गाडीच नको.

चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नकोस, पूर्ण करार माग. एका प्रकारात काय भरून देणार त्याची यादी असते, दुसऱ्यात काय देणार नाही त्याची. दुसरा बरा. डिडक्टिबल दर खेपेला की दर भागाला? एका भागाने दुसरा बिघडवला तर? मागे विमा कंपनी कोण आहे? विकणाऱ्याने उद्या शटर ओढलं तर जाणार कोणाकडे? कर्जासाठी हे घ्यावंच लागतं म्हणाला तर थेट बँकेला विचार. भाव पक्का नसतो, शालिमारच्या बाजारात करतेस तशी घासाघीस कर. कर्जात मात्र अजिबात घालू नकोस. ५ वर्षांच्या कागदावर १५ वर्षं व्याज कशाला?

माझं विचारशील तर शनिवारी सही नको. त्यातले थोडे पैसे गाडी तपासणाऱ्या स्वतंत्र इन्स्पेक्टरला दे आणि उरलेले बाजूला ठेव. एखादं मोठं बिल आलं तर कंबरडं मोडेल अशी स्थिती असेल तरच काँट्रॅक्ट घ्या, तोही नंतर, दोन-तीन ठिकाणी विचारून.

काका

————

काका, हे शिडीवर चढले. मागच्या व्हेंटच्या कडेला बोटभर चीर आहे. कपाटात वास नाही, दोनदा नाक घातलं. इन्स्पेक्टर गुरुवारी येतोय.

पूर्ण करार मागितला तर ‘सोमवारी देतो’. मग नको म्हटलं, तर जागच्या जागी ४,९०० वर आला! मी तरी नकोच म्हटलं. दादा, रागावू नका.

तुमची मेल भावाला फोनवर वाचून दाखवली. मोटरहोमबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, काकांना सांग, ते हवामान केंद्र आमच्या बांधावर बसवायला लावा.