रॅपवाल्याने उचललं म्हणून ओरडता, वाजवणाऱ्याचं काय?

जुनी_कॅसेट: काल कुणीतरी लिहिलं, 'रॅपमुळेच जुनं रॉक नव्या पोरांपर्यंत पोचतं, उपकार माना.' डोकं फिरलं माझं. १९९० साली व्हॅनिला आइस या रॅपरने क्वीन बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या 'अंडर प्रेशर' गाण्यातला बेस गिटारचा तुकडा सरळ आपल्या गाण्यात उचलला. श्रेय दिलं नाही, वर सांगत सुटला की एक ठोका जास्त आहे, म्हणून चाल वेगळी. शेवटी कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. ही चोरी आहे. उपकार कसले?

बीटवाला: एकट्या आइसवरून सगळ्यांना झोडपू नका. एरोस्मिथ या रॉक बँडचं 'वॉक धिस वे' १९७५चं. १९८६पर्यंत बँडची रया गेली होती. रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथचा गायक टायलर आणि गिटारवाला पेरी यांना सोबत घेऊन ते केलं, अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं दहाव्यावरच थांबलं होतं. आणि चोरीच काढायची तर लेड झेपेलिन या रॉक बँडचं 'होल लॉटा लव्ह' घ्या. ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं जुनं संगीत, त्यातल्या विली डिक्सनने आपलं गाणं घेतलं म्हणून १९८५मध्ये झेपेलिनवर दावा लावला, मग तडजोड झाली. ब्लूजवाल्यांचं घेतलं की प्रेरणा, आणि रॅपवाल्याने घेतलं की चोरी?

जुनी_कॅसेट: झेपेलिनने स्वतःच्या हातांनी वाजवलं. बटणं दाबली नाहीत.

बीटवाला: माझा धाकटा भाऊ रात्र रात्र हेडफोन लावून झेपेलिनच्या ड्रमर बॉनमचे ड्रम रेकॉर्डिंगमधून कापत बसतो. एक किक, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा ठोका, केसभर सरकली तरी सगळं लंगडतं. एकदा शेजारी बसून बघा, मग बोला.

सहा_तारा: तुम्ही दोघंही वादकाला विसरलात. १९९७मध्ये रॅपर पफ डॅडीने 'पोलीस' बँडच्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मधला जो पीस फिरवला, तो अँडी समर्सच्या गिटारचा. गाण्यावर नाव मात्र बँडचा गायक स्टिंग, एकट्याचं, म्हणून गाण्याच्या हक्काचे पैसेही त्यालाच. मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. एका रेकॉर्डिंगला संगीतकार म्हणाले, "इथे काहीतरी भर." मी आठ मात्रांचा पीस वाजवला. लोक आज गाणं त्या पीसवरून ओळखतात. मला पाकिटात पंधराशे रुपये मिळाले, कॅसेटवर नाव नाही. लग्नात ते गाणं लागलं की घास उतरत नाही.

कोमल_निषाद: दादा, चाल आणि शब्द ज्याचे त्याचा हक्क. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळतात. ठरवूनच जातो ना आपण?

सहा_तारा: ठरवतं कोण? तोंड उघडलं की पुढचं बोलावणं बंद. नियम मला शिकवू नका.

जुनी_कॅसेट: अहो, विषय रॅपचा चाललाय.

सहा_तारा: मी रॅपबद्दलच बोलतोय. उचलणाऱ्याला शिव्या देता, घडवणारा कोण हे विचारतही नाही.

बीटवाला: हे मान्य करावं लागेल. १९९१मध्ये न विचारता गाणं उचलल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागल्यापासून सगळे परवानगीच्या मागे लागले. एक गाण्याच्या मालकाची, दुसरी रेकॉर्डिंगच्या मालकाची. वादकाला कुणी विचारत नाही.

जुनी_कॅसेट: बरं, रॅपर एमिनेमचं 'सिंग फॉर द मोमेंट' मी सोडून देतो. त्यात एरोस्मिथचं 'ड्रीम ऑन' घेतलंय, पण गिटारचा सोलो खुद्द त्यांच्या जो पेरीने वाजवलाय. आइसला मात्र माफी नाही.

सहा_तारा: पेरीला बोलावलं तरी. माझा पीस गेल्या वर्षी एका नव्या गाण्यात आलाय. मला ते रिक्षात कळलं.