प्रेसमध्ये तीन बोटं गेली, कंत्राटदार दीड लाखावर सही मागतोय

भामाकाठ:
नमस्कार. मावसभाऊ, वय २८, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटदारामार्फत कामाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ८० टनी पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. हातात २२,५०० यायचे, त्यात साधारण ४,५०० ओव्हरटाइमचे. स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात नाही. कंत्राटदार म्हणतो, 'दवाखान्याचं बिल भरलंय, वर दीड लाख देतो, स्टॅम्पपेपरवर लिहून दे की आता काही येणं नाही.' रक्कम बरोबर आहे का? नाहीतर दावा कुठे लावायचा?

तळेगाव_कामगार:
सही करू नका. रकमेचं नंतर बघू, आधी ईएसआय लागू होतं का ते ठरवा, कारण दोन्हीकडून घेता येत नाही. ईएसआयचं संरक्षण असेल तर मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली दावा चालत नाही. वकिलाची फी भरल्यावर हे कळणारे कमी नाहीत.

ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे आणि ती मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणजे भाऊ १८,००० वर, मर्यादेच्या आत. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना असेल तर तो विमेदारच. कपात झाली नाही ही मालकाची चूक. कायद्यात 'वर्गणी भरली' एवढंच नाही, 'भरणं देय होतं' तोही विमेदार धरलाय. कामावरच्या इजेला किमान किती महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. कंत्राटी माणसाची वर्गणी भरण्याची जबाबदारीही मूळ कंपनीवर येते. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अपघाताचा अहवाल मालकाने फॉर्म १२ वर द्यायचा असतो. तो दिला नसेल तर तसं अर्जात लिहा.

हिशेबतपासनीस:
आकडे मांडतो.

ईएसआयमध्ये बरा होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. लाभ मोजताना ओव्हरटाइम धरतात, म्हणून ढोबळ ७५० रुपये रोज, त्याचे ६७५. पुढे मेडिकल बोर्ड अपंगत्व ठरवतं. एका हाताची तीन बोटं म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के. ६७५ चे ३० टक्के २०२ रुपये ५० पैसे रोज, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आसपास, आयुष्यभर. बोर्डाचा टक्का कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात जाता येतं.

ईएसआय लागूच नसेल, उदा. दहाहून कमी माणसं, तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्यात पगार १५,००० हून कितीही जास्त असो, १५,००० च धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यात वयानुसार गुणक दिलाय, २८ वर्षांचा २११.७९. गुणाकार १९,०६,११०, त्याचे ३० टक्के ५,७१,८३३ रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो यातून वळता होत नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि थकवण्याला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दीड लाख कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

आणि तो स्टॅम्पपेपर? हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातल. तडजोड नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवलेली नसेल तर मालक पूर्ण रकमेला बांधीलच राहतो. तरीही सही करू नका, तोच कागद पुढे करून दोन वर्षं फिरवतील. अपघातापासून दोन वर्षांतच दावा दाखल व्हायला हवा. पुण्यात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसतात. भाऊ गावी परतला असेल तर तिथल्या आयुक्तांकडेही दावा लावता येतो. कंत्राटदार आणि कंपनी, दोघांना प्रतिवादी करा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण अपघात आधीचा असल्याने वरचा हिशेब जुन्या कायद्याचा.

भामाकाठ:
धन्यवाद. सुपरवायझर म्हणतो, प्रेसचा सुरक्षा गार्ड भावानेच काढला होता. भाऊ म्हणतो, पायडल एकदाच दाबलं, प्रेसने डबल मारला.

प्रेस_मेंटेनन्स:
दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. की-क्लच असलेल्या जुन्या प्रेसमध्ये की (चाक आणि शाफ्ट जोडणारी खिट्टी) झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचं लायनिंग तेलकट झालं की रॅम (प्रेसचा खाली-वर होणारा भाग) वर थांबत नाही, दुसरा स्ट्रोक मारतो. तेवढ्यात माणूस पीस काढायला हात डायमध्ये घालतो. दोन बटणांच्या प्रेसवर एक बटण पट्टी खुपसून कायमचं दाबलेलं असतं, प्रॉडक्शनसाठी, आणि ती पट्टी सहसा डाय बसवणारा सेटरच लावतो.

'गार्ड मुद्दाम काढला' हा बचाव कायद्यात आहे. मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व असेल तर तो चालत नाही, पण तुमची केस अंशतः अपंगत्वाची, म्हणून ते यावरच जोर देतील. गार्ड शिफ्टभर नव्हताच, त्याचे बोल्ट कुठे होते, प्रेस आधी डबल मारत होता का, हे सोबतच्या ऑपरेटरकडून लिहून घ्या. दुरुस्ती रजिस्टरची प्रत मागा. अशा प्रेसची की सहसा दुसऱ्याच दिवशी बदलतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी तक्रार द्या. यंत्राला कुंपण नसणं हा कारखाने अधिनियमाच्या कलम २१ चा भंग आहे.

दवाखान्याचा पहिला केसपेपरही काढा. त्यावर 'दारात बोटं चेमटली' किंवा 'गाडीवरून पडला' असं लिहिलेलं सापडलं तर ते कोणी सांगितलं, कोण सोबत होतं, हे आत्ताच नोंदवून ठेवा. केसपेपर मेडिकल रेकॉर्डमधून मागायचा, रिसेप्शनवरून नाही.