‘मेंटर’ आणि ‘अ‍ॅटिट्यूड’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: विमाननगरच्या एका हॉटेलची कर्मचारी-पुस्तिका मराठीत करतेय. ‘कोचिंग’ तसंच ठेवलं, तर हाउसकीपिंगच्या मावशींनी विचारलं, क्लासची फी कोण भरणार? ‘तुमचा अ‍ॅटिट्यूड महत्त्वाचा’ वाचून एक वेटर दुखावला, “मी कुणाला अ‍ॅटिट्यूड दाखवला?” आपल्याकडे हा शब्द माज या अर्थानंच रुळलाय. ‘सेवाभाव’ मॅनेजरना देवळातला वाटतो. मेंटरला ‘मार्गदर्शक’ केलंय, पण तो पीएचडीचा गाइड वाटतो. सुचवा.

पेठेतला: वस्ताद! तालमीत वस्ताद नुसते डाव शिकवत नाहीत. पोराचा खुराक, झोप, संगत, सगळ्यावर नजर असते. मेंटर याहून वेगळं काय करतो?

शब्दनिष्ठ: वस्ताद फारसी ‘उस्ताद’वरून आलाय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? ‘गुरू’ असताना उसनवारी नको. सावरकरांचा ‘महापौर’ रुळलाच ना?

पेठेतला: मग ‘हजर’, ‘जमीन’, ‘कागद’ही परत करा. तीनशे वर्षं तोंडात असलेला शब्द आपलाच.

माजी कॅप्टन: मी हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख होतो. कामाच्या जागी गुरू नको. गुरूला उलट विचारता येत नाही, इथे तर विचारलंच पाहिजे. कॅम्पातल्या हॉटेलात मी नवा असताना ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. पाहुण्यानं मेन्यूकार्ड मिटलं की टेबलापाशी जायचं, त्याआधी डोक्यावर उभं राहायचं नाही, हे त्यांचंच. पाहुण्यांसमोर कधी ओरडले नाहीत. चूक झाली तर शिफ्ट संपल्यावर चहा पाजून सांगायचे. त्यांच्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही.

ग्रंथकीटक: मेंटर मुळात विशेषनाम आहे. होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर जाताना घरदार ज्याच्यावर सोपवतो तो मेंटर. आणि कोच म्हणजे हंगेरीतल्या कोच गावची घोडागाडी. परीक्षेपार नेणारा शिक्षक तो कोच, ही ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची बोली. म्हणून कोचिंगला ‘सारथ्य’ म्हणा.

शब्दनिष्ठ: सारथ्य उत्तम!

माजी कॅप्टन: वेटरला ‘तुझं सारथ्य करतो’ म्हणून बघा. ‘शिकवणं’, ‘हाताखाली घेणं’ यांत काय कमी आहे? ‘मी अण्णांच्या हाताखाली तयार झालो’, यात सगळं येतं.

अनुवादिनी: ‘हाताखाली तयार करणं’ घेते. पण अ‍ॅटिट्यूडचं काय? ‘अगत्य’ चालेल?

सदाशिवी: ‘अगत्य येण्याचे करावे’ असं पत्रिकेत असतं. तिथे अगत्य म्हणजे नक्की.

पेठेतला: आणि ‘अगत्यानं वाढलं’ म्हणतो तेव्हा? आमच्या पंगतीत वाढपी पान बघून वाढायचे. भात संपत आला की न मागता वरण यायचं, आणि पानावर हात आडवा धरला की आग्रह थांबायचा. वेटरला ‘वाढपी’च म्हणावं.

शब्दनिष्ठ: वाढपी मंगल कार्यालयातला. हॉटेलात तो ऑर्डर घेतो, बिल आणतो.

अनुवादिनी: सोमवारी छपाई आहे. अगत्य की सेवाभाव?

ग्रंथकीटक: ‘वाढपी’तला ‘पी’ कुठून आला असेल?