मदत हवी आहे: पंचम जॉर्जचा रुपया घेऊ की नको?

पाणंद:
पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया मिळतोय. आठ हजार सांगतोय. नाणं रविवारपर्यंत माझ्याकडे ठेवायला दिलंय. वाजवून बघितलं, आवाज खणखणीत आहे. घेऊ का? लवकर सांगा.

जुनीपेटी:
साल कोणतं? वजन किती? १९१८ चा असेल तर एवढे पैसे अजिबात देऊ नका.

कातरवेळ:
लोहचुंबक लावा, लगेच कळेल. बाबा असेच तपासायचे.

जुनीपेटी:
कातरवेळ, तांबं-पितळ तरी कुठे चिकटतं चुंबकाला? चिकटला तर खोटा, इतकंच कळतं.

रानमेवा:
चिंचेने घासू नका हं! सासूबाईंनी राणीछाप रुपये दिवाळीत घासून लख्ख केले. नंतर कुणी चांदीच्या भावापलीकडे एक पैसा देईना.

पाणंद:
घासायचं कोण म्हणतंय? साल १९११ आहे, म्हणून तर आठ हजार! सोनाराने ११.६४ ग्रॅम भरला, चांदीही खरी म्हणाला. मग अडचण काय?

मोडीवाचक:
वजन बरोबर आहे, मूळ ११.६६ असतं. पण रुपया खरा आणि साल खोटं, असंही करतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या छातीवरच्या साखळीत हत्ती आहे, आखूड सोंडेचा. तो डुकरासारखा दिसतो म्हणून मुसलमानांनी हरकत घेतली. सातेक लाख रुपये बाहेर पडले होते, बाकीचे वितळवले. १९१२ पासून सोंड नीट काढली. भिंगातून आधी हत्ती बघा, मग सालातला शेवटचा आकडा.

घाटवाट:
परदेशी पाठवणार असाल तर जपून. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही.

पाणंद:
कुठेही पाठवत नाहीये. हत्ती सापडला. सोंड चांगली लांब आहे, टोकाला वळलेली. शेवटच्या एकच्या डावीकडे बारीक रेघा आहेत, तेवढाच भाग चकचकतोय.

मोडीवाचक:
मग १९१४ चा असणार. इंग्रजी चारची डावी बाजू खरवडली की एक उरतो. परत करा.

कातरवेळ:
तरी चुंबक लावून बघाच.

पाणंद:
उद्याच परत देतो. मोडीवाचक, खूप आभार. पैसे काढूनच ठेवले होते.

रानमेवा:
मोडीवाचक, आमच्या देवघरात कंपनी सरकारचा १८१८ चा अर्धा आणा आहे, रामदरबाराचा. त्याचं काय येईल?

मोडीवाचक:
ताई, कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. पूजेत राहू द्या, विकायला नेऊ नका.