पोवळे, प्रवाळ, समुद्रपुष्प : कोणता शब्द कशाला?

विचारणा
लक्षद्वीपच्या समुद्रजीवनावर लेख लिहिते आहे. 'पोवळे' आणि 'प्रवाळ' एकाच अर्थाने वापरले तर चालेल का? आणि सी ॲनिमोनला काय म्हणावं? हाती आलेल्या मसुद्यात तिला 'समुद्री वनस्पती' म्हटलंय.

प्रतिसाद
'वनस्पती' आधी खोडा, तो शिकारी प्राणी आहे. 'समुद्रपुष्प' लिहा, 'समुद्रफूल'ही चालेल. 'समुद्रफळ' मात्र नको, ते झाडाचं नाव आहे.

ओहोटीला कोकणातल्या खडकांमधली डबकी बघा. शुंडकं (तोंडाभोवतीचे लवचिक अवयव) पसरून बसलेलं समुद्रपुष्प बोट लागताच सगळं आत ओढून घेतं आणि बुळबुळीत गोळा होऊन बसतं. बोटाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं, ते दंशपेशींमुळे. प्रत्येक दंशपेशीत गुंडाळलेल्या सूक्ष्म नळीची कुपी असते. स्पर्श होताच ती नळी काही मिलिसेकंदांत उलटून बाहेर येते आणि भक्ष्यात विष सोडते. प्रवाळ, जेलीफिश, समुद्रपुष्प यांचा संघ एक ठरतो तो या पेशीमुळेच.

प्रतिसाद
'पोवळे' हे 'प्रवाळ' या शब्दाचंच झिजलेलं रूप, पण वापराच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. सराफाकडे कोणी प्रवाळ मागत नाही. तिथे मंगळाचं पोवळं, इटालियन पोवळं. वैद्याकडे प्रवाळ भस्म, प्रवाळ पिष्टी. भूगोलात प्रवाळभित्ती, प्रवाळबेट.

ही फारकत जपावी असं माझं ठाम मत आहे, कारण जीवशास्त्रही तेच सांगतं. दागिन्यातलं नामांकित लाल पोवळं, कोरॅलियम रुब्रम, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. त्याच्या प्रत्येक जीवाला पिसांसारखी आठ शुंडकं असतात. लक्षद्वीपच्या भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांत शुंडकं साधारणपणे सहाच्या पटीत, आणि समुद्रपुष्पं याच गटातली. म्हणजे भित्तीतल्या प्रवाळाला समुद्रपुष्प जवळचं आणि अंगठीतलं पोवळं लांबचं! म्हणून 'लक्षद्वीपची पोवळी' लिहू नका.

प्रतिसाद
वनस्पतीचा घोळ जुना आहे. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे कोवळी पालवीसुद्धा. युरोपात मार्सिली या इटालियन निसर्गअभ्यासकाने 1706 मध्ये पाण्यात ठेवलेल्या लाल पोवळ्यावर पांढरे जीव उमललेले पाहिले आणि त्यांना फुलंच ठरवलं. ते प्राणी आहेत, हे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने 1720 च्या दशकात मांडलं, तेव्हा रेओम्यूरसारख्या मातब्बर फ्रेंच शास्त्रज्ञालाही ते पटलं नाही.

विचारणा
आभार, फार उपयोग झाला. आणखी एक: प्रवाळांचा रंग जाऊन ते पांढरे पडतात (ब्लीचिंग), त्याला 'विरंजन' म्हणणं जड वाटतं. सरळ 'प्रवाळ मेले' लिहू का?

प्रतिसाद
कृपया नको. तिथे अर्थच बदलतो. भित्तीतल्या प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बहुतेक अन्न आणि बराचसा रंग त्या शैवालाचा. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक ऊतीतून चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. प्राणी तेव्हा जिवंत असतो, पण उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शैवाल पुन्हा वस्तीला येतं, नाही तर मग मरण. लक्षद्वीपने 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे सोसलं आहे. 'प्रवाळ पांढरे पडले' हे सोपंही आहे आणि अचूकही. 'मेले' हा शब्द ऊती जाऊन उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढलेलं दिसेल त्या वसाहतीसाठी ठेवा.