विंटरसेट, आयोवा: थोडी भर
अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या विंटरसेट गावाबद्दल याआधी कुणी लिहिलं, त्यात फक्त तिथे जन्मलेला हॉलिवूड नट जॉन वेन (जन्म १९०७) आणि छपराचे लाकडी पूल आलेत, म्हणून ही भर लिहितेय. पुढे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले कृष्णवर्णीय अमेरिकन जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तरुणपणी याच गावात हॉटेलात स्वयंपाक करायचे. चर्चमध्ये त्यांचं गाणं ऐकून मिलहॉलंड दांपत्याने त्यांना घरी बोलावलं, पुढे शिकच म्हणून धोशा लावला. १८९० मध्ये ते इंडियनोलाच्या सिम्प्सन कॉलेजात गेले. त्या दांपत्याचं नाव निघायलाच हवं.

शिवाय विंटरसेट ज्या मॅडिसन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे, तिथेच पेरू नावाच्या खेड्याजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत ओळ सोडून एक रोप उगवलं. त्याने ते दोनदा छाटलं, तरी फुटलंच; मग वाढू दिलं. बुडाशी पाच उंचवटे असलेलं 'रेड डेलिशियस' सफरचंद त्याच झाडाचं!